जेरुसलेमचे मंदिर आणि शनवार तेल्यांची आठवण

आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, रोहे, पनवेल, मुरुड या पट्ट्यात तेलाचे घाणे चालविणारा एक समाज कित्येक शतके राहत होता. शनिवारी हे लोक घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजारचे गावकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. ते स्वतःस 'बेने इस्रायल', म्हणजे इस्रायलची लेकरे, म्हणवीत. भाषा मराठी, स्त्रियांचा पोशाख लुगड्याचा, आडनावे केहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली. पावसाळ्यात, बहुधा आपल्या वर्षावासाच्या काळातच, त्यांच्याकडे दुखवट्याचा एक दिवस येई. त्यास ते 'बिरड्याचा सण' म्हणत. मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे त्या निमित्ताने होई, म्हणून हे नाव. (आमच्या माळशिरस भागात मटकी आणि हुलग्याची जी प्रतिष्ठा, तीच कोकणात वालाची.) हा दिवस यहुदी पंचांगातील आब महिन्याच्या नवमीचा, आणि दुखवटा जेरुसलेम येथील मंदिराच्या विध्वंसाचा.

नातेपुते येथे वर्षावासातील एका प्रवचनात आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा एका वृद्ध उपासिकेने प्रश्न केला : "त्या लोकांचं देऊळ पाडलं तरी त्यांना ते आठवत राहिलं, आपली लेणी तर कुणी पाडली नाहीत, मग आपण त्यांना कसं विसरलो?" या प्रश्नाचे उत्तर तेथे दोन वाक्यांत देणे शक्य नव्हते. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे.

प्रथम इतिहास पाहू. जेरुसलेमचे पहिले मंदिर परंपरेनुसार राजा शलमोनाने इ. स. पू. दहाव्या शतकात बांधले. यहुदाचे राज्य लहान, आणि ते इजिप्त व बाबिलोन या दोन मोठ्या सत्तांच्या वाटेवर वसलेले. बाबिलोनचा सम्राट नबुखद्नेस्सर याने इ. स. पू. 597 मध्ये जेरुसलेम जिंकले. या घटनेचा पुरावा केवळ यहुदी ग्रंथांत नाही. बाबिलोनच्या राजवृत्ताची मातीची विट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि नगर घेतले, राजास पकडले, आपल्या मर्जीचा राजा बसविला व मोठी खंडणी घेतली, एवढे त्या विटेवर कोरडेपणाने नोंदलेले आहे. बंदी झालेला तरुण राजा यहोयाखीन बाबिलोनला नेला गेला. बाबिलोनच्या उत्खननात शिधावाटपाच्या ज्या विटा मिळाल्या, त्यांत यहुदाचा हा राजा व त्याचे पाच पुत्र यांस दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. इतिहासात मोठ्या राज्यांचा शेवट पुष्कळदा असा कारकुनाच्या वहीत सापडतो.

नवा राजाही बंडास उभा राहिला, आणि इ. स. पू. 586 च्या सुमारास (काही अभ्यासक 587 मानतात) बाबिलोनच्या सैन्याने नगर पुन्हा घेतले, मंदिर जाळले, त्यातील सोने, चांदी व पितळ वाहून नेले आणि कारागीर, लेखक व सरदार घराणी हद्दपार केली. शेतीवर राबणारे गरीब लोक मात्र तेथेच ठेवले गेले. साम्राज्याचे गणित यातून स्पष्ट होते. मंदिर हे त्या काळी देवस्थान तर होतेच, शिवाय ते राज्याचा खजिना होते आणि राजाच्या अधिकाराची मोहोरही होते. ते पाडले की बंडखोर प्रजेस एकत्र येण्याची जागा उरत नाही. यामागे धर्मद्वेष किती आणि राजनीती किती, हे तोलताना आम्हांस राजनीतीचे पारडे जड वाटते.

इ. स. पू. 539 मध्ये पर्शियाच्या सायरसने बाबिलोन घेतले आणि यहुद्यांस परत जाण्याची मुभा मिळाली. सायरसचा जो प्रसिद्ध मृत्तिकालेख 1879 मध्ये सापडला, त्यात अनेक नगरांच्या देवता स्वस्थानी परत पाठविल्याचा उल्लेख आहे. जेरुसलेमचे नाव मात्र त्यात नाही, ही गोष्ट उत्साही लेखक बहुधा सांगत नाहीत. दुसरे मंदिर दारियसच्या काळात, इ. स. पू. 515 च्या सुमारास पुरे झाले.

याच पर्शियन अमलात घडलेली एक कमी परिचित घटना आम्हांस जेरुसलेमइतकीच बोधप्रद वाटते. दक्षिण इजिप्तमध्ये अस्वानजवळ नाईल नदीत एलिफंटाईन नावाचे बेट आहे. (आपल्या घारापुरीस इंग्रजीत जे नाव पडले त्याच्याशी याचा संबंध नाही, हत्ती मात्र दोन्ही नावांत आहे.) त्या बेटावर पर्शियन सम्राटाच्या चाकरीतील यहुदी शिपायांची वस्ती होती आणि त्यांनी तेथे आपले मंदिर बांधले होते. शेजारीच ख्नूम या मेंढ्याच्या मुखाच्या इजिप्शियन देवाचे देवालय होते. इ. स. पू. 410 मध्ये ख्नूमच्या पुरोहितांनी विद्रंग नावाच्या पर्शियन अधिकाऱ्यास वश करून ते यहुदी मंदिर पाडविले. दगडी खांब फोडले, पाच दगडी दरवाजे उद्ध्वस्त केले, देवदाराचे छप्पर जाळले, सोन्या-चांदीची पात्रे नेली.

हा तपशील आपणांस ठाऊक आहे तो त्या लोकांच्या एका अर्जामुळे. इ. स. पू. 407 मध्ये त्यांनी यहुदाचा सुभेदार बागोही यास आरामाइक भाषेत लिहिलेल्या या अर्जाचा पपायरस वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकला. अर्जदार लिहितात की, आम्ही तीन वर्षे गोणपाट नेसून उपवास करीत आहोत; जेरुसलेमच्या महापुरोहितास पूर्वी पत्र पाठविले, त्याचे उत्तर आले नाही. सम्राट कँबायसिसने इजिप्त जिंकले तेव्हा इजिप्शियनांची देवालये पाडली गेली, पण आमच्या मंदिरास धक्का लागला नाही, हेही ते आवर्जून नमूद करतात. म्हणजे जिंकणाऱ्या सम्राटाने जे राखले ते शेजारच्या पुरोहितांनी, सरकारी अधिकारी हाताशी धरून, पाडले. आपल्या देशाच्या इतिहासाचे वाचन करणाऱ्यास ही जोडी अनोळखी वाटू नये.

अर्जाचा निकालही लक्षात घेण्याजोगा आहे. मंदिर पुन्हा बांधावे आणि तेथे धान्याचा नैवेद्य व धूप अर्पण करावा, असे उत्तर आले. पशुबळीचा उल्लेख त्यातून गाळला गेला. कारणे राजकीय असतील. मेंढ्यांच्या देवासमोर मेंढ्यांचा बळी हेच कदाचित भांडणाचे मूळ असेल. आम्हांस मात्र येथे दीघनिकायातील कूटदन्त सुत्त आठवल्यावाचून राहत नाही. खाणुमत गावच्या कूटदन्त ब्राह्मणाने शेकडो बैल, वासरे, बोकड व मेंढे यज्ञस्तंभापाशी आणले असता तथागतांनी त्यास ज्या जुन्या यज्ञाची कथा सांगितली, त्यात एकही पशू मारला गेला नाही, एकही झाड तोडले गेले नाही, दासांस धाक घातला गेला नाही. तूप, तेल, दही, मध, गूळ यांवरच तो यज्ञ झाला. एलिफंटाईनला जे सुभेदाराच्या हुकुमाने झाले, ते खाणुमतास उपदेशाने झाले.

पुढील काही शतके आपण झपाट्याने ओलांडू. इ. स. पू. 167 मध्ये ग्रीक वंशाचा राजा अँटायोकस चौथा याने जेरुसलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली. यहुद्यांनी बंड करून तीन वर्षांनी मंदिर शुद्ध केले. हनुक्का हा दिव्यांचा सण त्या प्रसंगाचा. या बंडातून जे यहुदी राजघराणे उदयास आले, त्याच्याच जॉन हिर्कॅनस या राजाने इ. स. पू. 110 च्या सुमारास गरिझीम पर्वतावरील शोमरोनी लोकांचे मंदिर उद्ध्वस्त केले. शोमरोनी हे त्याच मोशेचे ग्रंथ मानणारे, जवळचे भाऊबंद. कालचा पीडित हाती सत्ता येताच मंदिर पाडणारा होतो, ही नोंद यहुदी इतिहासातून वगळू नये; कोणत्याच समाजाच्या इतिहासातून वगळू नये. आणि या प्राचीन हकीकतींवरून पॅलेस्टाईनच्या आजच्या प्रश्नाचा निवाडा काढण्याचा मोहही कोणी धरू नये.

इ. स. पू. 63 मध्ये रोमन सेनापती पॉम्पे जेरुसलेम घेऊन मंदिराच्या अगदी आतल्या गर्भगृहात शिरला. तेथे वर्षातून एकदा केवळ महापुरोहितास जाण्याचा अधिकार होता. आत मूर्ती नव्हती. खोली रिकामी होती, याचे रोमन लेखकांस आश्चर्य वाटले. सांचीच्या तोरणांवरील रिकामे आसन आणि रिकामी पावले पाहिलेल्या वाचकांस तितकेसे वाटणार नाही.

दुसऱ्या मंदिराचा शेवट इ. स. 70 मध्ये झाला. चार वर्षे चाललेल्या बंडानंतर रोमन सेनापती टायटस याने नगरास वेढा घातला. आत दुष्काळ, शिवाय बंडखोरांच्या गटांत आपसांत मारामारी. आब महिन्यातच मंदिरास आग लागली. आग लावण्याची टायटसची इच्छा नव्हती असे जोसेफस सांगतो. पण जोसेफस हा रोमनांच्या आश्रयास गेलेला यहुदी, त्याची साक्ष आपल्या आश्रयदात्याच्या बाजूने झुकणारच. त्याने दिलेला अकरा लाख मृतांचा आकडाही अभ्यासक अतिशयोक्त मानतात. रोम नगरात टायटसची कमान आजही उभी असून तिच्यावर मंदिरातील सात फांद्यांची दीपमाळ खांद्यावरून वाहून नेणारे विजयी लोक कोरलेले आहेत.

या पराभवात आम्हांस सर्वांत क्रूर वाटते ते जाळपोळीनंतरचे एक फर्मान. प्रौढ यहुदी पुरुष दरसाल जेरुसलेमच्या मंदिरासाठी अर्ध्या शेकेलची वर्गणी देत असत. सम्राट व्हेस्पासियनने ती बंद केली नाही. साम्राज्यातील यहुद्यांनी ती रोममधील ज्युपिटरच्या मंदिरासाठी द्यावी असे ठरविले आणि स्त्रिया व मुलांवरही ती बसविली. आपले मंदिर पाडणाऱ्याच्या देवळाची वर्गणी दरसाल भरावयाची. पराभवाची अशी वार्षिक पावती दुसऱ्या कोणत्या साम्राज्याने काढल्याचे आम्हांस आठवत नाही. पुढे इ. स. 132 ते 135 मध्ये बार कोखबाचे बंड मोडले गेले, आणि हेड्रियनने जेरुसलेमचे नावही बदलून टाकले.

येथे या इतिहासातील खरे वळण आहे. मंदिर गेले तेव्हा पशुबळी संपला, आणि बळी देण्याचा ज्यांस जन्माने अधिकार होता त्या पुरोहित घराण्यांचे वर्चस्वही संपले. परंपरा सांगते की, योहानन बेन झक्काई नावाच्या पंडितास वेढ्यातून त्याच्या शिष्यांनी शवपेटीत घालून बाहेर काढले आणि त्याने रोमनांकडून यावने या लहान गावी अध्यापन करण्याची परवानगी मिळविली. कथेतील शवपेटी खरी की खोटी हा प्रश्न गौण आहे. यावनेस पुढे जे घडले ते मात्र इतिहास आहे. तेथे वेदीची जागा प्रार्थनेने घेतली, पुरोहिताची जागा शिक्षकाने घेतली. शिक्षक होण्यास जन्म लागत नव्हता, अभ्यास लागत होता. इ. स. 200 च्या सुमारास मुखोद्गत नियमांचे संकलन मिश्ना या ग्रंथात झाले.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे सिंहलद्वीपातील आलुविहाराचे स्मरण होते. इ. स. पू. पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळी, युद्ध आणि दुष्काळ यांनी भिक्खुसंघ विरळ झाला. मुखोद्गत तिपिटक जाणणारे भिक्खू उपासमारीने मेले तर बुद्धवचन त्यांच्याबरोबरच जाईल, या भीतीने ते ताडपत्रांवर लिहिले गेले. आज आम्ही जे दीघनिकाय वाचतो ते या भीतीचे फळ आहे. तथागतांनी महापरिनिब्बानापूर्वी आनंदास सांगितले होते की, माझ्यामागे धम्म व विनय हेच तुमचे शास्ते. वास्तूस शास्ता म्हटलेले नाही.

आता कोकणाकडे परत येऊ. बेने इस्रायलांची आख्यायिका अशी की, त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. हे नवगाव चौल बंदराच्या उत्तरेस आहे. चौल म्हणजे कान्हेरीच्या लेखांतील चेमुल, जेथील दात्यांनी त्या लेण्यांस दाने दिली. ही माणसे कधी आली याविषयी मतभेद आहेत. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांचे मत अँटायोकसच्या छळामुळे इ. स. पू. 175 च्या सुमारास आली असे होते. हनुक्का या सणाची त्यांस माहिती नव्हती हा त्यांचा एक आधार. इतर अभ्यासक हे आगमन कितीतरी शतके अलीकडे आणतात. नवगावचे गलबत ही आठवण आहे, शिलालेख नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.

त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता, पुरोहित नव्हता, हिब्रू भाषा विसरली गेली होती, जेरुसलेम कोठे आहे हेही सांगता आले नसते. उरले काय? शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, 'शेमा' या प्रार्थनेचे काही शब्द, आणि वर्षातील काही दिवस. कोचीनकडून आलेल्या डेव्हिड रहाबी नावाच्या यहुद्याने त्यांस ओळखले, त्याची कथा प्रसिद्ध आहे : त्याने स्त्रियांस निरनिराळे मासे रांधावयास दिले, तेव्हा त्यांनी खवले आणि पर असलेले मासेच निवडले व इतर बाजूस ठेवले. हा रहाबी कोणत्या शतकात आला याविषयीही एकमत नाही. पण कथेचा आशय आम्हांस मोलाचा वाटतो. परंपरा पुरुषांच्या पाठांतरातून गेली होती. ती स्त्रियांच्या विळीपाशी सापडली.

आणि तरीही सारे निर्मळ राहिले असे समजू नये. ज्या भूमीत ते राहिले त्या भूमीचा रोग त्यांसही जडला. 'गोरे' आणि 'काळे' असे दोन वर्ग पडले, त्यांच्यात रोटीव्यवहार व बेटीव्यवहार होत नसे. पुढे मुंबईस बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी बेने इस्रायलांस हिणकस लेखू लागले. इस्रायलमध्ये गेल्यावर तर 1962 मध्ये तेथील धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि 1964 मध्ये तेथील संसदेने ते सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे जाहीर केले. जातीचे गाठोडे समुद्र ओलांडूनही सुटत नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांस वेगळी सांगावयास नको.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रातील लेण्यांचा दगड बहुतांशी शाबूत आहे. कार्ल्याचे चैत्यगृह उभे आहे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, कुडे उभी आहेत. बाबिलोन किंवा रोमसारखी सत्ता येऊन त्यांस जमीनदोस्त करून गेली नाही. आणि तरी एकोणिसाव्या शतकात लोक नाशिकच्या विहारांस 'पांडवलेणी' म्हणत होते. लेण्याद्रीच्या विहारात गणपती बसला होता. सोपाऱ्याच्या स्तूपास लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. तो 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला, तेव्हा आत दगडी पेटीत भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि सभोवती आठ बुद्धप्रतिमा निघाल्या. तथागतांचे पात्र म्हणून ज्याची पूजा झाली त्यावर उभे राहून गावकरी बुरुड राजाची गोष्ट सांगत होते. जेरुसलेमला दगड गेला आणि आठवण राहिली; सोपाऱ्याला दगड राहिला आणि आठवण गेली.

उत्तरेत मंदिरांप्रमाणेच विहारही जाळले गेले, हे खरे. इ. स. 1200 च्या सुमारास बख्तियार खिलजीच्या स्वारीत मगधातील एक विहार किल्ला समजून लुटला गेला. त्याचा वृत्तांत मिन्हाज-इ-सिराजने लिहून ठेवला आहे. मुंडित मस्तकाचे सर्व रहिवासी मारले गेले, आणि मग तेथे सापडलेल्या पुष्कळ ग्रंथांत काय आहे हे सांगावयास कोणी उरले नाही. बाबासाहेबांनी बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना या वृत्तांताचा उपयोग केला आहे. परंतु महाराष्ट्रातील विस्मृतीचे उत्तर खिलजीच्या तलवारीत सापडत नाही. येथे व्यापारी मार्ग ओस पडले, राजाश्रय ब्राह्मणी देवालयांकडे वळला, संघ क्षीण झाला. आणि संघ क्षीण होताच धम्मास दुसरे घर उरले नव्हते. उपासक दान देत होता, लेण्यांत आपले नाव कोरवीत होता. पण त्याच्या घरातील जन्म, विवाह, मृत्यू या प्रसंगी कोण येत होता? कान्हेरीच्या डोंगरावर धम्म होता, चेमुलच्या घरात पुरोहित होता.

हे अनुमान आमचे एकट्याचे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले आहे. भिक्खूसाठी संघदीक्षा होती, उपासकासाठी स्वतंत्र धम्मदीक्षेचा विधी नव्हता. ही गंभीर उणीव होती आणि भारतातील धम्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले, असे त्यांचे मत आहे. दीक्षा नसल्यामुळे उपासक आज एका देवाकडे, उद्या दुसऱ्याकडे जाण्यास मोकळा राहिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो गृहस्थांस दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यामागे ही इतिहासदृष्टी होती. बावीस प्रतिज्ञांतील पुष्कळशा घरासंबंधी आहेत : कोणाची पूजा करावयाची नाही, श्राद्ध करावयाचे नाही, ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म करवून घ्यावयाचे नाही. बेने इस्रायलांच्या शनिवाराप्रमाणे त्या उंबऱ्याच्या आतल्या गोष्टी आहेत.

आमच्या तालुक्यात विहारांची बांधकामे होत आहेत, त्यांस फरशी लागत आहे, कमानी उभ्या राहत आहेत. हे व्हावेच. पण वर्गणीचा हिशेब जितक्या काटेकोरपणे ठेवला जातो तितक्या काटेकोरपणे पौर्णिमेचे उपोसथ पाळले जातात काय, हे प्रत्येक गावाने आपल्यापुरते पाहावे. आणि पाळले जात असतील तर त्यांचा अर्थ घरातील मुलांस कळतो काय, हेही पाहावे. बेने इस्रायलांस एकोणिसाव्या शतकात हिब्रू ग्रंथ पुन्हा मिळाले, तेव्हा त्यांनी प्रथम केलेल्या कामांपैकी एक म्हणजे त्यांचे मराठी भाषांतर. वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचावयाची हगादा 1874 मध्ये पुण्यात हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली, म्हणजे घरातील सर्वांस अर्थ कळावा. बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात, प्रकृती ढासळत असताना, पाली शब्दकोशाचे काम चालविले होते आणि 'बौद्ध पूजा पाठ' ही लहानशी पुस्तिका सिद्ध केली होती. या दोन्हींचा समावेश महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आहे. पुस्तिकेत पाली गाथा आहेत आणि त्यांचा मराठी अर्थ आहे.